पत्र्याचं वय, कागदाचं वय

मिस्त्रींनी फेंडरवर एक धुवट सुती फडकं टाकलं आणि त्याच्यावरून तळहात फिरवायला सुरुवात केली. नजर दुसरीकडेच होती. कोपऱ्यावरचा पोरगा चहा घेऊन येतोय का, ते बघत होते. हात मात्र सावकाश पुढं सरकत होता, मध्येच थबकत होता, पुन्हा दोन बोटं मागं येत होता. "हितं हाय," म्हणाले आणि फडकं बाजूला करून खडूनं एक गोल काढला. मी वाकून, मान तिरकी करून, उजेडाच्या अंगानं बघितलं. मला सरळ, गुळगुळीत पत्रा दिसत होता.

"डोळ्यानं नाही दिसत ते, सर. रंग मारल्यावर दिसतंय. तवा मग लय वंगाळ दिसतंय."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली ही गोष्ट. जानेवारीचे दिवस, गळिताचा हंगाम ऐन भरात. गगनबावडा रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी मी पुढच्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळलो. ट्रॉलीला मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. पण मागून धडकलो मी, त्यामुळं फार आवाज चढवायची सोय नव्हती. मला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं मात्र तोंड फुटलं. बॉनेट घडी घातल्यासारखं वर आलं, बंपर लोंबकळू लागला, डावं फेंडर आत गेलं, समोरच्या काचेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर गेली, आणि रेडिएटरमधलं हिरवं पाणी रस्त्यावर वाहून गेलं. गाडी २०१२ सालची, छोटी, पांढरी, घरातल्या माणसासारखी सवयीची झालेली. पुढचे पाच आठवडे मी तिच्यापायी गॅरेज आणि विमा कंपनी यांच्यात हेलपाटे घातले. वैताग झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या पाच आठवड्यांत दोन गोष्टी अशा बघायला मिळाल्या, की त्यांचं नवल अजून ओसरलेलं नाही. एक म्हणजे लोखंडाचा पत्रा वाकतो कसा आणि सरळ होतो कसा. दुसरी म्हणजे तोच पत्रा कागदावर म्हातारा कसा होतो.

आधी फडक्याचं सांगतो. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अतिशय बारीक सुरकुत्या असलेले पृष्ठभाग तयार करून ते लोकांना नुसत्या बोटानं चाचपायला दिले. अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही माणसाच्या बोटाला गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा वेगळ्या लागल्या. माणसाचा केस जाडीला कित्येक दहा हजार नॅनोमीटर भरतो, यावरून काय ते समजावं. आपल्या बोटांची ही करामत आपल्यालाच ठाऊक नसते. मिस्त्रींना ती आकड्यांत ठाऊक नाही, हातात ठाऊक आहे. फडकं मध्ये का? उघडा तळहात पत्र्याला चिकटतो, अडखळतो. कापड टाकलं की हात घसरतो आणि फक्त चढ-उतार तेवढे जाणवतात. ही युक्ती मी घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर करून बघितली. टेबल सपाट नाही, हे अकरा वर्षांनी कळलं.

आता टकरीकडं येतो. माझा वेग तेव्हा ताशी तीसेक किलोमीटर असावा. तीस म्हणजे काय, सायकलवाला उतारावर तेवढ्यानं जातो. पण हिशेब करून बघितला तर या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, गाडीसकट खाली पडणं. ताशी पन्नासला तीच उंची दहा मीटरच्या घरात जाते. तिसऱ्या मजल्याची गच्ची. ताशी शंभरला जवळजवळ चाळीस मीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, आणि हे गणित कुणालाच सवलत देत नाही.

पहिल्या मजल्यावरून पडूनही मी धड राहिलो, कारण खाली गादी होती. ती गादी म्हणजे गाडीचं तोंड. बॉनेटखालच्या दोन लांब दांड्या आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा हा मुद्दाम असा केलेला असतो, की मार बसला की त्याची वळकटी व्हावी. तीसच्या वेगातली गाडी पाच सेंटिमीटरांत थांबली तर आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या सत्तरपट जोराचा हिसका बसतो. तीच चाळीस सेंटिमीटर चुरगळत थांबली तर सुमारे नऊपट. पट्टा लावलेला असला तर नऊपट माणूस सोसतो. मरण आणि मुका मार यांच्यातलं अंतर हे असं हातभराचं असतं. ही कल्पना बेला बारेनी या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याची. मर्सिडीज-बेंझमध्ये असताना त्यानं १९५१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला: माणसं बसतात तो डबा कडक ठेवायचा, पुढचं-मागचं अंग नरम. १९५९ पासून तशा गाड्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. त्याआधी सगळ्यांची समजूत एकच होती, गाडी जितकी दणकट तितकी बरी. आपल्याकडं ती अजून आहे. "आमच्या अँबेसेडरला धडकलेला खांब वाकला होता," असं अभिमानानं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. खांब वाकला म्हणून काका वाचले, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

तर माझ्या गाडीनं आपलं काम चोख केलं होतं. आता ते तोंड पुन्हा सरळ करायचं होतं.

गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवली तर होतील तेवढा. त्यावर अंगठा दाबला तर तो दबतो आणि सोडला की टुणकन परत येतो. जोरात मारलं तर परत येत नाही. या दोन्हींत फरक काय पडला? लोखंडाचे अणू कवायतीच्या रांगांसारखे ओळीनं उभे असतात, आणि त्या रांगांत जागोजाग चुका असतात. एखादी रांग मध्येच संपलेली असते. मोठा ताण आला की ही चूक रांगेतून पुढं सरकते, जाजमाची सुरकुती पायानं ढकलत न्यावी तशी. सगळं जाजम ओढायला चार माणसं लागतात, सुरकुती एकटा माणूस सरकवतो. धातू वाकतो तो असा. ही गोष्ट १९३४ साली टेलर, ओरोवन आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. पण जागा एका मापाबाहेर वाकली की तिथं सुरकुत्यांचा गुंता होतो, त्या एकमेकींना अडवतात, आणि ती जागा आधीपेक्षा कडक होते. तार एकाच ठिकाणी उलटसुलट वाकवताना ती आधी ताठरते आणि मग तुटते, हे सगळ्यांनीच केलेलं असतं.

म्हणून पोचा आलेल्या फेंडरमध्ये खरं बिघडलेलं अंग फार थोडं असतं. पोच्याच्या कडेला जी मोड पडते, बोटभर रुंदीची, तेवढाच पत्रा खरोखर बदललेला असतो. बाकीचा मोठा खळगा बिचारा चांगला असतो. त्या मोडीनं त्याला धरून ठेवलेलं असतं. नवशिका पोरगा मागून खळग्याच्या मध्यावर हाणतो. मग खळगा उलट बाजूला फुगतो, मोड आहे तिथंच राहते, आणि जिथं एक दुखणं होतं तिथं दोन होतात.

मिस्त्री हातोडा हातात घ्यायच्या आधी बराच वेळ नुसते बघत बसले. मी विचारलं, "मार कुठं बसला ते शोधताय का?"

"मार कुठं बसला ते कुणीबी सांगंल. शेवटचं काय वाकलं ते शोधायचं. जे शेवटी वाकलं ते पयलं काढायचं. मग त्याच्या आदलं. उलटं जायचं बघा, पाऊल मोजत."

पुढचा तासभर ते अक्षरशः टक्कर उलटी चालवत होते. एका हातात पत्र्याच्या मागं धरलेली डॉली, म्हणजे तळहाताएवढा लोखंडी ठोकळा, दुसऱ्या हातात चपट्या तोंडाचा हातोडा. मोडीच्या टोकाकडून आत, हलके-हलके ठोके. मध्येच एकदा 'टंग' असा आवाज झाला आणि वीतभर खळगा आपोआप वर आला, कुणी हात न लावता. मी दचकलो. मिस्त्री हसले. मोड सुटली, तिनं धरलेला पत्रा मोकळा झाला.

याहून मोठी जादू पुढं होती. ठोकाठोकीत पत्रा ताणला जातो, म्हणजे आकारानं किंचित वाढतो. मग तो सरळ बसत नाही, डब्याच्या झाकणासारखा टकटक करत राहतो. वाढलेला पत्रा कमी कसा करायचा? कापायचा नाही. मिस्त्रींनी गॅसच्या बारीक ज्योतीनं रुपयाएवढी जागा लाल केली, दोन ठोके दिले आणि ओलं फडकं टेकवलं. चर्र झालं, आणि सैल पत्रा माझ्या डोळ्यांदेखत ताठ झाला. तापवल्यानं धातू पसरतो, हे शाळेत शिकलो होतो. इथं तापवून आकसवला! खुबी अशी, की लाल झालेल्या ठिपक्याला पसरायचं असतं पण भोवतालचा गार पत्रा त्याला जागा देत नाही. गरम असताना तो लोण्यासारखा नरम असतो, त्यामुळं आडवा पसरायच्या ऐवजी जाडीत वाढतो. गार होताना मात्र तो नेहमीप्रमाणं आखडतो, आणि चारी बाजूंचा पत्रा स्वतःकडं ओढून घेतो.

हे सगळं जुन्या गाडीवर चालतं, हेही सांगायला हवं. जुन्या पोलादाला असा आगीचा आणि हातोड्याचा उपचार मानवतो. नव्या गाड्यांच्या खांबांत आणि आतल्या दांड्यांत बोरॉनचं अतिकठीण पोलाद असतं. ते तापवलं की त्याची ताकदच जाते, म्हणून ते बदलावंच लागतं. आणि जुन्या गाडीतही पुढच्या दांडीची एकदा वळकटी झालेली असेल, तर ती ठोकून सरळ करून घेऊ नये. दिसायला सरळ होईल, पण पुढच्या टकरीला ती ठरल्याप्रमाणं चुरगळणार नाही. या एका बाबतीत मिस्त्रींचंही ऐकू नका.

माझ्या दांड्या वाचल्यात की नाही, हे ठरवायला त्यांनी काय यंत्र काढलं? शिंप्याकडं असते तसली टेप. बॉनेटखालच्या चार ठरलेल्या भोकांमधली तिरकी मापं घेतली, डावं-पुढचं ते उजवं-मागचं, मग उजवं-पुढचं ते डावं-मागचं. चौकट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. सुतार दाराची चौकट बसवताना नेमकं हेच करतो. फरक निघाला तीन मिलिमीटर. "चालतंय," मिस्त्री म्हणाले. इकडं माझा जीव भांड्यात पडला, आणि तिकडं दुसरी लढाई सुरू झाली होती.

अपघात झाल्या दिवशी गाडी आधी एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपात गेली होती. तिथं कुणी हातोडा उचलत नाही. जे वाकलं ते बदलायचं, असा रिवाज. त्यांनी जीएसटी धरून ९४,००० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि वर मायेनं सुचवलं, "सर, टोटल लॉस करून टाका. एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च?" पॉलिसीवर गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, १,१०,००० रुपये लिहिलेली होती.

ही आयडीव्ही म्हणजे गाडीचं कागदावरचं आयुष्य. आपल्याकडं २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये तिचा तक्ता दिलेला आहे. विम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून मोकळे झाले, तरी हा तक्ता अजून पॉलिस्यांत ठाण मांडून आहे. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के घसारा, वर्षाच्या आत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, मग तीस, चाळीस, आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. पुढं गाडीची किंमत काय, ते मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायचं! नूतनीकरणाच्या वेळी मोबाइलवर आलेल्या आकड्याला आपण मुकाट्यानं मान डोलावतो, तोच हा 'आपसांतला' करार.

सुट्या भागांचा तक्ता याहून गमतीचा आहे. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांना पहिल्या दिवसापासून ५० टक्के घसारा. शोरूममधून गाडी बाहेर काढली आणि नाक्यावर बंपर फुटला, तरी बंपर कागदावर अर्धाच. फायबरग्लासला ३० टक्के. धातू मात्र सावकाश पिकतो: सहा महिने शून्य, मग ५, १०, १५, २५, ३५, पाच ते दहा वर्षांत ४०, आणि दहाच्या पुढं ५०. म्हणजे गाडीनं दहावं वर्ष ओलांडलं, की पत्रा आणि प्लास्टिक एकाच पंगतीला बसतात.

आणि काच? काचेला घसारा शून्य. पहिल्या वर्षी शून्य, तेराव्या वर्षी शून्य. सगळी गाडी म्हातारी होते, एकटी काच सोळा वर्षांचीच राहते. विचार केला तर ते पटतं. टायर रोज थोडा-थोडा झिजतो, पत्रा गंजतो. काच एक तर अखंड असते, नाही तर फुटलेली.

नुकसानीचा अंदाज घेणारे सर्व्हेअर आले ते तिसऱ्या दिवशी. मोठ्या रकमेच्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. १९३८ च्या विमा कायद्यातच तशी तरतूद आहे. तो कंपनीचा पगारी नोकर नसतो, पण त्याची फी कंपनी देते. या दोन वाक्यांच्या फटीत बऱ्याच भानगडी राहतात. आमचे सर्व्हेअर निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ होते. गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, फोटो काढले, चॅसी नंबर ताडून घेतला, लायसन्सची मुदत बघितली. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "रेडिएटर फुटल्यावर गाडी चालवत नेली होती का?"

नेली नव्हती, टोचन लावून ओढत नेली होती. चालवत नेली असती आणि पाण्याविना इंजिन बसलं असतं, तर इंजिनाचा एक रुपया मिळाला नसता. टक्कर विम्यात येते. टकरीनंतर आपण केलेला शहाणपणा येत नाही. पुरात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारणाऱ्यांचंही हेच होतं, आणि पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना हे दर पावसाळ्यात सांगावं लागतं.

मी त्यांना विचारलं, हा घसाऱ्याचा तक्ता आला कुठून? ते पहिल्यांदा हसले. "समुद्रातून," म्हणाले.

मी घरी येऊन वाचत बसलो, आणि खरंच तसं होतं. लाकडी जहाजांच्या काळात वादळात जुनं शीड, जुना डोलकाठीचा खांब मोडायचा. बंदरात नवा बसवावा लागायचा. विमेकरी म्हणायचा, तुझं जुनं गेलं आणि तुला नवं मिळालं, तर वरचा फायदा मी का भरू? मग रिवाज पडला: नव्याच्या किमतीतून एक तृतीयांश वजा. पण नवं जहाज पहिल्याच सफरीवर असेल तर काही वजा करायचं नाही. आपला सहा महिन्यांचा शून्य तो हाच. साखळदंडाला फक्त एक षष्ठांश. आणि नांगराला? काहीच नाही, नांगराची पूर्ण किंमत मिळायची. गाडीतली काच म्हणजे जहाजावरचा नांगर! 'टोटल लॉस'सुद्धा तिकडूनच आला. जहाज बुडालेलं नाही, पण दुरुस्तीचा खर्च दुरुस्त जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त, तर ते बुडालंच असं धरायचं. इंग्लंडच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात हे लिहिलं आहे आणि आपल्या १९६३ च्या कायद्यातही. गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला धडकलेल्या गाडीचा निवाडा शिडाच्या जहाजांच्या रिवाजानं होतो, हे कुणाला सांगताना मला अजून खरं वाटत नाही.

गाडीच्या बाबतीत रेघ जरा अलीकडं आखलेली आहे. ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटींना धरून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी कागदावर मेली. हा खर्च घसारा कापायच्या आधीचा मोजायचा की नंतरचा, यावरून मालकांचे आणि सर्व्हेअरांचे खटके उडतात. आमच्या गृहस्थांनी आधीचा धरला. माझ्या गाडीची रेघ होती ८२,५०० वर. मोठ्या वर्कशॉपचं एस्टिमेट ९४,०००. म्हणजे गाडी मेलेली. उद्यमनगरातल्या मिस्त्रींचा अंदाज ६९,०००, कारण फेंडरच्या आतला पत्रा आणि पुढची आडवी पट्टी ते बदलणार नव्हते, सरळ करणार होते. म्हणजे गाडी जिवंत. तीच गाडी, तीच टक्कर. जगणं-मरणं एका हातोड्यावर आलं होतं.

टोटल लॉस घेतला असता तर आयडीव्हीतून सक्तीच्या वजावटीचे हजार रुपये जाऊन उरलेले १,०९,००० मिळाले असते, आणि सांगाडा कंपनीकडं गेला असता. पुढं लिलाव, पुढं कुठली तरी भंगार गल्ली. आरसीही आरटीओकडं परत करावी लागते. नाही तर आपल्या गाडीचा नंबर दुसऱ्याच्या अंगावर चढून हिंडू शकतो. पैशाच्या दृष्टीनं हा सौदा वाईट नव्हता, हे कबूल करतो. पण १,०९,००० मध्ये बाजारात जी गाडी येते, तिची आधीची टक्कर मला माहीत नसते. माझ्या गाडीची मला माहीत होती.

मग मिस्त्रींकडंच करायचं ठरलं. बिल आपण आधी भरायचं आणि कंपनीकडून मागून घ्यायचं. आपल्या पसंतीच्या गॅरेजात दुरुस्ती करता येते. फक्त सर्व्हेअरनं बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही आणि बिल पक्कं, जीएसटीचं घ्यायचं. हिशेब असा झाला. धातूचे भाग २८,०००, त्यातले अर्धे मान्य, १४,०००. बंपर, हेडलाइट, जाळी असं प्लास्टिक १२,०००, त्यातले ६,०००. काच ५,०००, नांगरासारखी पुरी. मजुरी १२,०००, मजुरीला घसारा नसतो, हे फार जणांना माहीत नाही. रंगकाम १२,०००, त्यातला पाव हिस्सा सामान धरतात आणि त्या पावाचा अर्धा कापतात, म्हणून १०,५००. एकूण ४७,५००. त्यातून सक्तीची वजावट १,०००, कारण इंजिन दीड हजार सीसीच्या आतलं. जुन्या पत्र्याचं भंगार ५००. हातात आले ४६,०००. खिशातून गेले २३,०००.

यात एक गोष्ट लक्षात आली का? मजुरी पूर्ण मिळते आणि जुन्या गाडीचा नवा भाग अर्धाच. म्हणजे दहा वर्षांपुढच्या गाडीत भाग बदलण्यापेक्षा भाग दुरुस्त करून घेणं मालकाच्या सोयीचं. नियमानंच हातोड्याची बाजू घेतलेली आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही.

क्लेम केल्यानं माझा पन्नास टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, शून्यावर आला. त्याचं लोकांना फार दुःख होतं. मी हिशेब करून बघितला. बोनस पुन्हा चढतो तो २०, २५, ३५, ४५, ५० असा. क्लेम न करता मिळाले असते त्या पन्नासशी ताडून बघितलं, तर पाच वर्षांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावतो. बेरीज १२५. म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा जो एका वर्षाचा हप्ता, बोनस कापण्याआधीचा, त्याच्या सव्वापट. माझा तो हप्ता साधारण ३,५०० रुपये, म्हणून तोटा ४,४०० च्या आसपास, तोही पाच वर्षांत विखुरलेला. आरशाची काच फुटली तर क्लेम करू नये. तोंड फुटलं तर बोनसला कवटाळून बसू नये.

गाडी पाचव्या आठवड्यात घरी आली. सर्व्हेअर पुन्हा येऊन नवे भाग बघून गेले. पांढरा रंग जुळवताना रंगाऱ्यानं कंपनीच्या डब्यातल्या पांढऱ्यात दोन थेंब पिवळा घातला. तेरा वर्षांच्या उन्हात गाडी तेवढी पिवळी पडली होती. फेंडरवरून मी फडकं टाकून हात फिरवला. खडूचा गोल होता तिथं काही लागलं नाही. माझ्या हाताला, असं म्हणू या.

परवा पॉलिसीच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. कंपनीनं स्वतःहून घातलेली आयडीव्ही ९०,०००. आयडीव्ही घटल्यामुळं हप्त्यात वाचणारे पाच-सहाशे रुपये बघून बोट 'मान्य' वर गेलंच होतं. मग सहज गुणाकार केला. ९०,००० चे ७५ टक्के म्हणजे ६७,५००. मिस्त्रींचं बिल ६९,००० चं होतं. मी एजंटांना फोन लावला आणि आकडा वाढवून घेतला. तुमची गाडी पाच वर्षांपुढची असेल, तर यंदा 'मान्य' दाबण्याआधी तुम्हीही एकदा हा गुणाकार करून बघा.